एक धडा पुढे

मी बढाईखोर माणूस आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्याच्या मुळाशी तेच आहे. एरवी माझ्यात फारसे दोष नाहीत. आमच्या स्टेशनच्या मालधक्क्यावर मी गुड्स क्लार्क होतो. कापसाच्या गाठी, केळीच्या वॅगन, मिरचीची पोती, सगळ्यांच्या पावत्या माझ्या हातच्या, आणि त्याही इंग्रजीतल्या. गावात इंग्रजी लिहिणारा मी एकटा होतो आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे.

पण ही हकिकत माझी नाही, आमच्या धुरपदाबाईंची आहे. मी तिचा नवरा, लीलाधर. नवऱ्याने चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची आमच्याकडे रीत नाही. पण शाळेतल्या मुली, त्यांच्या आया, पोस्टमन, झाडून सगळं गाव तिला धुरपदाबाई म्हणतं, तेव्हा कागदावर मीही म्हणतो. तोंडाने म्हणायची हिंमत अजून व्हायची आहे. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. नशिराबादहून तीन मैलांवर आहे एवढं पुरे. नाव लिहिलं तर ज्यांचा उल्लेख राहून गेला ते सगळे उद्या सकाळी दारात उभे राहतील.

धुरपदाबाई माहेरची एदलाबादकडची. मराठी सातवी पास. लग्नानंतर दोन वर्षांनी आमच्या गावच्या मुलींच्या शाळेत लागली. अंगाने किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. तिच्या वर्गात पाढे सुरू झाले की पारावरच्या म्हाताऱ्यांची झोपमोड होई. तिची एक खोड होती. हाताला लागल्याशिवाय तिला काही पटत नसे. बाजारात भेंडी घेताना शेंडा मोडून बघितल्याशिवाय एकही पदरात टाकायची नाही, मग भाजीवाली कितीही ओरडो. शाळेतही तेच. अपूर्णांक शिकवायचे असले की घरून भाकरी न्यायची, पाव, अर्धी, पाऊण तोडून दाखवायची, आणि तास संपला की ते अपूर्णांक मुलींना वाटून टाकायची. त्यामुळे तिच्या वर्गात गणितात कुणी नापास झालं नाही आणि भुकेलंही राहिलं नाही.

आता माझ्या बढाईकडे येतो. चौतीस सालचा हिवाळा होता. शालिग्राम आबांनी त्यांच्या मळ्यात भरीत केलं होतं. आबा म्हणजे आमच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष. केळी आणि कापूस मोप, बोलणं अगदी कमी. त्यांची नात मंदा मुलींच्या शाळेत पाचवीत होती, आणि पुढे तिने काय शिकावं याची आबांना काळजी होती. काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होती, कळण्याच्या पुऱ्या तळल्या जात होत्या, आणि विषय निघाला इंग्रजीचा. वरून परवानगी मिळाली होती: मुलींसाठी इंग्रजीचा एक वर्ग काढून बघा, शाळाखात्याचे डिपोटीसाहेब येऊन तपासतील, पटलं तर चालू राहील, नाही तर बंद. पण शिकवणार कोण? पुरुष मास्तर ठेवला तर आया मुली पाठवणार नाहीत, आणि इंग्रजी येणारी बाई या खेड्यात कशाला येईल?

"बाहेरून आणायची काय गरज?" मी म्हणालो. "आमच्या घरात आहे की!"

आबांनी पुरी खाली ठेवली. "मास्तरनीले इंग्रजी येते?"

"येतं म्हणजे? फाडफाड!"

खरी स्थिती अशी होती की धुरपदाबाईला इंग्रजी अक्षरं ओळखू येत, तीही घासलेटच्या डब्यावरची. आबांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "बरं." झालं. जूनपासून वर्ग ठरला. सात मुलींची नावं तिथल्या तिथे लागली, त्यात पहिलं मंदाचं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं.

"अन काय वाचून दाखवू त्याइले? घासलेटचा डबा?"

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. ती चिडेल, रडेल, आबांकडे जाऊन सगळं सांगेल, असं मला वाटलं होतं. तिने तसं काही केलं नाही. सूप पुन्हा हलायला लागलं आणि ती म्हणाली, "सात पोरी हायेत. त्याइच्या घरच्याइनं हो म्हनलं हाये. आता मी नही म्हनलं तर पुन्हा कोनी इचारनार नही. आजपासून मले शिकवा. रोज."

तेव्हा मला तिच्या मनातलं कळलं नाही. मला वाटलं, ती माझी अब्रू झाकते आहे. ती त्या सात मुलींची जागा धरून ठेवत होती.

मग रोजचा नेम सुरू झाला. संध्याकाळी मी धक्क्यावरून आलो की पाटावर पुस्तक घेऊन बसायचं, ती चुलीपुढे. एक भाकरी थापली जाईपर्यंत दोन शब्द. वर्ग सुरू झाल्यावर पुढचा धडा ती आधी माझ्याकडून शिकायची, मग मुलींना शिकवायची. पुस्तकात ती मुलींच्या कायम एक धडा पुढे असे. एकच. मुलींनी पुढचं काही विचारलं की म्हणे, "उद्या." त्याआधीचे पाचसहा महिने नुसती अक्षरं आणि सुटे शब्द यांत गेले, आणि त्यांत तिने माझा जीव खाल्ला. मी सांगितलेला अर्थ ती कधी तसाच घेत नसे. भेंडीसारखा मोडून बघायची. डिक्शनरी घेण्याचा कमीपणा मी आयुष्यात पत्करला नव्हता, त्यामुळे घरात शब्दाचा शेवटचा निवाडा माझाच असे.

जून आला, वर्ग सुरू झाला, ठीक चालला. आणि भाद्रपदात आम्ही कोलंबसाच्या धड्याशी येऊन पोचलो.

"डिस्कव्हर," मी वाचलं. "सोपा आहे. माझ्या रोजच्या कामातला शब्द."

तो खरोखरच माझ्या कामातला होता. आमच्या मालधक्क्याची एक पद्धत आहे. बंद पोतं आलं, वर मिरची असं लिहिलेलं असलं, तरी पावतीवर नुसतं मिरची लिहायचं नाही. लिहायचं, सेड टु कंटेन मिरची. म्हणजे आत मिरची असल्याचं म्हणतात. आम्ही काही उघडून बघितलेलं नाही, उद्या आतून दगड निघाले तर रेल्वे जबाबदार नाही. मग पोतं धन्याकडे जातं, तो ते उघडतो, आणि त्याची तक्रार आली की तिच्यात हमखास हा शब्द असतो: उघडल्यावर अमुक इतका माल कमी असल्याचं डिस्कव्हर झालं. अकरा वर्षांत मी हा शब्द दुसऱ्या कुठल्या कागदावर बघितला नव्हता. म्हणून मी ठामपणे सांगितलं, "डिस्कव्हर म्हणजे तूट सापडणे."

ती भाकरी थापता थापता थांबली. "कोलंबसानं अमेरिका डिस्कव्हर केली म्हनते पुस्तक. मंग त्याले अमेरिकेत काय कमी सापडलं?"

मी पुस्तकात बघितलं. कोलंबसाने कसलीही तक्रार केल्याचं दिसत नव्हतं.

"असेल काहीतरी," मी म्हणालो. "त्या लोकांचं आपल्याला काय ठाऊक?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुस्तक मिटलं. जेवण झाल्यावर ती भाकरीची टोपली झाकायला लागली आणि झाकता झाकता तशीच उभी राहिली. फडकं टाकलं, काढलं, पुन्हा टाकलं. मला वाटलं, हिला आता वेड लागलं.

"हे पाहा," ती म्हणाली. "भाकर आत हाये. फडकं काढलं तव्हा तुम्हाले दिसली. पन मी फडकं काढून ती केली नही. ती व्हतीच. तुम्हाले ठाऊक नव्हती, एवढंच. पोत्यात माल कमी व्हता, तो आधीच कमी व्हता. उघाडलं तव्हा कयलं. अमेरिका व्हतीच, कोलंबस गेला तव्हा त्याले कयली. तूट असो का देश असो, शब्द झाकन काढायचा हाये. तुम्ही आपलं सगयं तुटीतच नेऊन टाकता."

अकरा वर्षं माझ्या हाताखालून गेलेला शब्द, आणि त्याचा अर्थ मला बायकोने भाकरीच्या टोपलीत दाखवला. मी "तेच तर म्हणत होतो" असं म्हणून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. मनातून मात्र मला तिचा अभिमान वाटला, आणि थोडी भीतीही वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात तो शब्द शिकवला तो भुलाबाईच्या खाऊने. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर आमच्याकडे मुली भुलाबाई बसवतात. संध्याकाळी घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणायची, आणि शेवटी त्या घरच्या बाईने झाकून आणलेला खाऊ ओळखायचा. बाई डबा हलवून दाखवते, वास घेऊ देते, गोड की तिखट एवढं सांगते. नाहीच ओळखता आला तर मुलींनी "हरलो" म्हणायचं, मग झाकण निघतं. गंमत अशी की हरलं तरी खाऊ मिळतोच, आणि ओळखणारीइतकाच मिळतो. धुरपदाबाईने टेबलावर झाकलेला डबा ठेवला. झाकण असेपर्यंत मुलींनी माझ्या पोत्यावरचं वाक्य म्हणायचं: सेड टु कंटेन लाडू, सेड टु कंटेन शेव. झाकण निघालं की मगच म्हणायचं, आय डिस्कव्हर. झाकणाआधी जी हे म्हणेल तिचा खाऊ बाद. आठ दिवसांत सातही मुलींना तो शब्द असा पक्का झाला की घरी आयांनी झाकून ठेवलेलं काही सुखरूप राहिना.

आणि आश्विनात डिपोटीसाहेब आले.

आबांनी मला दमणी घेऊन स्टेशनवर पाठवलं. साहेब शिरपूरकडचे, पण नोकरीने पार शहरी झालेले. कोट, चष्मा, बोलणं अगदी पुस्तकी. वाटेत त्यांनी विचारलं, "या बाईंचं इंग्रजी कुठपर्यंत झालं आहे?" खरं सांगायची ती वेळ होती. रस्त्यावर आम्ही दोघे आणि बैल, ऐकायला कुणी नव्हतं. पण जिभेला वळण लागलेलं असतं. "बरंच पुढे," मी म्हणालो. "मीच शिकवलं आहे." त्यांनी मान डोलावली आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. माझी बढाई आता सरकारी कागदावर गेली होती. आता साहेबांनी दोन प्रश्न जास्तीचे विचारले की बिंग फुटणार, वर्ग बंद होणार, खोटं सांगून वर्ग घेतला म्हणून तिची नोकरीही जाणार, आणि हे सगळं माझ्या तोंडामुळे.

वर्गात सात मुली, कोपऱ्यात आबा काठीवर हनुवटी टेकून, दारात मी. साहेबांनी वाचन घेतलं, शुद्धलेखन घेतलं. ठीक गेलं. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, अमेरिका कुणी डिस्कव्हर केली?

मंदा उभी राहिली. "कोलंबस, सर. सेड टु डिस्कव्हर."

"सेड टु?" साहेबांच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे? तुला शंका आहे?"

"आम्ही उघडून बघितलेलं नाही, सर," मंदा मराठीत म्हणाली. "पुस्तकात म्हटलं आहे. आणि तिथे आधीपासून माणसं राहत होती, असंही पुस्तकातच आहे. त्यांना तर ती ठाऊक होतीच."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, संपलं. माझ्या पोत्यावरचं वाक्य सरकारी तपासणीत येऊन बसलं होतं. मग त्यांनी धुरपदाबाईकडे बघून विचारलं, हा शब्द तुम्ही मुलींना शिकवला तरी कसा? तिने सांगितलं नाही. कपाटातून झाकलेला डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "ओळखा, साहेब."

साहेब आबांकडे बघायला लागले. आबा छताकडे बघत होते.

"शेंगदाणे," साहेब म्हणाले. मुलींनी माना हलवल्या. त्यांनी डबा कानाशी नेऊन हलवला. "फुटाणे?" नाही. वास घेतला, नख वाजवलं, खुर्ची पुढे ओढली. "खारका!" मुली हसायला लागल्या. आता साहेबांना चेव चढला. कोट काढून त्यांनी खुर्चीवर टाकला, दोन्ही हातांनी डबा हलवला, आणि एकदम त्यांच्या तोंडून निघालं, "काय शे वं माय मझार?"

ही त्यांच्या शिरपूरकडची बोली, म्हणजे आत आहे तरी काय. मग मुली खोखो हसत सुटल्या. शिरपूरच्या कुठल्या तरी ओट्यावर टिपऱ्या वाजत असताना बहिणींच्या मागे उभा राहून खाऊ ओळखणारा मुलगा त्या कोटाच्या आत इतकी वर्षं बसला होता. साहेबही हसले. "हारनू," म्हणाले. "हारनू! उघाडा आते."

धुरपदाबाईने झाकण काढलं. आत भाजून सोललेले चिंचोके होते. मुलींनी आणि साहेबांनी मिळून ते खाल्ले, आबांनीही दात नसताना एक तोंडात धरला.

इथेच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं! पण साहेब खूश होऊन म्हणाले, "बाई, उत्तम. तुमचं स्वतःचं इंग्रजी चांगलंच असलं पाहिजे. तुमचे यजमान गाडीत सांगत होते, बरंच पुढे गेलेलं आहे."

धुरपदाबाईने दाराकडे, माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी विनवत होतो, एवढं हो म्हण, एवढ्यावर सगळं निभावतं. तिने मुलींकडे बघितलं. सातही जणी चिंचोके चघळत तिच्याकडे बघत होत्या.

"साहेब, यजमान मालधक्क्यावर असतात," ती म्हणाली. "ते पोत्यावर लिहितात, आत काय आहे ते उघडून बघत नाहीत. मला इंग्रजी येत नाही. पुढचा धडा मी आधी संध्याकाळी घरी शिकते आणि मग मुलींना शिकवते. आज यांचा तेविसावा झाला आहे. माझा चोविसावा. त्याच्या पुढचं मला काही येत नाही."

मी दाराची चौकट धरली. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि लाजेपेक्षा वाईट म्हणजे ती घाबरलेली होती हे मला दिसत होतं. पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं. आबांची काठी जमिनीवर एकदा आपटली. मला वाटलं, रागानेच.

साहेबांनी पुस्तक घेतलं, तिसावा धडा काढला आणि तिच्या हातात दिलं. "वाचा."

तिने ओळीवरून बोट फिरवलं. दोन शब्द वाचले, तिसऱ्याला अडली. मग पुस्तक खाली ठेवत म्हणाली, "हरले, साहेब."

तेव्हा मंदा उठली. तिला कुणी विचारलं नव्हतं. "बाई हरल्या," ती साहेबांना म्हणाली. "मग आता उघडा ना."

तिला यात गैर काही वाटलंच नव्हतं. हरलं की झाकण निघतं आणि सगळ्यांना खाऊ मिळतो, हा तिच्या जगातला नियम होता. साहेबांनी खुर्ची सरकवून मुलींच्या रांगेजवळ आणली, धुरपदाबाईलाही बसायला सांगितलं, आणि तिसावा धडा स्वतः वाचून शिकवला. पुरता अर्धा तास. ती मुलींसोबत मागून म्हणत होती, आणि तिचा आवाज पुन्हा खणखणीत झाला होता.

जाताना त्यांनी शेरेबुकात दहाबारा ओळी लिहिल्या, इंग्रजीत, आणि वही मिटून आबांच्या हातात दिली. साहेब आबांच्याच दमणीत बसून गेले. आबांनी वही माझ्यापुढे धरली. "वाच. तुले फाडफाड येते."

मी उघडली. तिसऱ्या ओळीत माझी नजर अडकली. डिस्कव्हर्ड, असं लिहिलं होतं. आय डिस्कव्हर्ड दॅट द टीचर. माझ्या नोकरीत या शब्दाच्या पुढे कधी चांगलं आलेलं नव्हतं. पुढचं वाचायचा मला धीर होईना. वही तशीच हातात धरून मी म्हणालो, "आबा, तूट निघाली."

"द्या इकडे," धुरपदाबाई म्हणाली.

तिने वही घेतली आणि मोठ्याने वाचायला लागली. अडखळत, एकेका शब्दावर बोट ठेवून. एकदा मी मदतीला तोंड उघडलं तर तिने हातानेच मला गप्प केलं. प्रत्येक वाक्य झालं की त्याचं मराठी करून आबांना सांगत होती. साहेबांनी लिहिलं होतं की, बाईंना इंग्रजी थोडंच येतं असं आपल्याला आढळून आलं. ते त्यांनी स्वतः होऊन सांगितलं. मुलींना जेवढं शिकवलं आहे तेवढं त्यांना नीट कळलेलं आहे, आणि न कळलेलं कळलं म्हणायची सवय त्यांना लागलेली नाही. वर्ग चालू ठेवावा. बाईंसाठी कमिटीने पुढची पुस्तकं आणि एक चांगली डिक्शनरी आणून द्यावी.

तिने वही मिटली, पदराने डोळे पुसले आणि मुलींना म्हणाली, "बसा खाली. शाळा सुटायची आहे अजून."

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर जायच्या आधी मी आबांच्या मळ्यात गेलो. सारी रात्र मला एकच वाटत होतं, ती भर वर्गात बोलली, मी निदान मळ्यात तरी बोलावं. आबा गोठ्यामागे केळीची अढी लावलेली होती तिच्यापाशी बसले होते. कच्चे घड रचून, वाळल्या पाल्याने गच्च झाकलेले.

"आबा," मी म्हणालो, "त्या भरताच्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो."

"मले ठाऊक व्हतं."

"काल कयलं ना?"

"काल नही. आषाढापासून. मंदी घरी येऊन सांगे, बाई रोज एकच धडा पुढं ऱ्हातात, त्याच्या पुढचं इचारलं का उद्या म्हनतात. अन खरं इचारशीन तर भरताच्या दिवशीच कयलं. तू फाडफाड म्हनला तव्हाच."

ज्या गावाला मी इतके महिने फसवत होतो असं मला वाटत होतं, त्याच्या अध्यक्षाला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. "मंग तुम्ही बोलले काहून नही?"

आबांनी अढीकडे बोट केलं. "हे परवा झाकलं. उघाडून पाहू का?"

"नको. ऊब जाईल. अर्धी कच्ची राहतील."

"मंग?" आबा म्हणाले. "माही नात शिकू रायली व्हती. मास्तरीन शिकू रायली व्हती. मी कशाले हात लावू?" ते उठले. अढीच्या एका कोपऱ्यातला पाला सरकला होता, तो त्यांनी वाकून नीट केला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुलेबी आम्ही त्यातच झाकून ठेवलं व्हतं, लीलाधर. तू काही अजून पिकला नही."

मी धक्क्यावर गेलो. दिवसभर पावत्या लिहिल्या, पण सेड टु कंटेन लिहिताना दर वेळी मला आबा आठवत होते.

संध्याकाळी घरी आलो. चूल पेटलेली होती, परातीत पीठ मळलेलं होतं. मळ्यातलं सगळं मी तिला सांगितलं, पिकण्याबद्दलचंही गाळलं नाही. ती इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. मग मी पाटावर बसून पंचविसावा धडा काढला. दुसऱ्याच ओळीत एक शब्द आला. मी तो मनात दोनदा वाचला. पूर्वीचा मी असतो तर काहीतरी ठोकून दिलं असतं.

"काय हाये पुढं?" तिने विचारलं.

"हरलो," मी म्हणालो.

तिने तवा उतरवला. पिठाचे हात पुसले, पुस्तक आपल्याकडे ओढलं आणि माझ्याशेजारी पाटावर येऊन बसली. "सरका जरा," ती म्हणाली. "दोघं मियून पाहू."